कोटेशनवर सही करण्याआधी गेटची रुंदी मोजा

‘कर्वेनगरात आमची २४ फ्लॅटची जुनी सोसायटी आहे. मागच्या महिन्यात रात्री दीडच्या सुमारास पार्किंगमधून एक ॲक्टिव्हा चोरीला गेली. आठ कॅमेरे आहेत, रेकॉर्डिंगही झालं होतं. पण बघायला बसलो तर बाइकवरून आलेली दोन माणसं, चेहऱ्याच्या जागी पांढुरके डाग आणि नंबरप्लेटच्या जागी नुसता उजेड. घड्याळही ४७ मिनिटं मागे. आता नवे कॅमेरे घ्यायचं ठरलंय. तीन कोटेशनं आली आहेत. एकात २ एमपी, ३.६ एमएम, डीव्हीआर, २ टीबी, ३० दिवस बॅकअप. दुसऱ्यात ५ एमपी आयपी, पीओई, एनव्हीआर, ४ टीबी, एच.२६५, ओएनव्हीआयएफ. तिसऱ्यात ४के, २.८ एमएम, एआय, ट्रू डब्ल्यूडीआर, आयपी ६७, आयके १०. मी सेक्रेटरी. कमिटीत अर्थ विचारला तर एक सभासद म्हणाले, “काकू, हे टेक्निकल आहे, तुम्ही फक्त सही करा.” मी बँकेत ३१ वर्षं कॅशियर होते, न कळलेल्या कागदावर कधी सही केली नाही. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. हे शब्द मला समजावून सांगाल का?’

— एक सेक्रेटरी, कर्वेनगर

ताई,

सही केली नाहीत, फार बरं केलंत. आणि त्या सभासदांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. मी बावीस वर्षं पुण्यात कॅमेरे बसवतोय. कोटेशनमधला प्रत्येक शब्द शेवटी तुमच्या गेटाशी, तुमच्या पार्किंगमधल्या अंधाराशी नाहीतर आपल्या पावसाळ्याशी येऊन टेकतो. ते गेट तुम्ही रोज बघता. कोटेशन देणाऱ्याने ते पाच मिनिटं बघितलंय, तेही भर दुपारी. म्हणजे निम्मी माहिती तुमच्याकडेच आहे, उरलेली मी देतो.

आधी तिन्ही कागद बाजूला ठेवा आणि एवढंच ठरवा, की गेटावर नेमकं काय दिसायला हवं? कोणीतरी आलं-गेलं एवढं कळलं तरी चालेल, की अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांपुढे ठेवता यायला हवा? चोरी झाल्यावर सगळेच म्हणतात चेहरा हवा. कॅमेरे घेताना मात्र ‘सगळं अंगण दिसलं पाहिजे’ असा आग्रह असतो. या दोन गोष्टी एकाच कॅमेऱ्याकडून होत नाहीत. सगळा घोळ इथून सुरू होतो.

एमपी म्हणजे मेगापिक्सेल, म्हणजे दहा लाख ठिपके. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. २ एमपीच्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, गुणाकार केलात तर वीस लाखांच्या वर जातो. ४के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६०, एकूण ८३ लाखांच्या आसपास. कागदावर चौपट. पण कॅमेरा जेवढी रुंदी बघतो तेवढ्या रुंदीवर हे आडवे ठिपके पसरतात. दारातल्या छोट्या पाटावर ते दाट बसतील, मंगल कार्यालयाच्या अंगणात विरळ होतील. मोराचा पिसारा विरळ ठिपक्यांतही निघतो, पण डोळा काढायला दाट ठिपके लागतात. चेहऱ्याचंही तसंच आहे.

ही दाटी किती हवी याचे आकडे ठरलेले आहेत. सुरक्षा कॅमेऱ्यांचं आयईसी ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आम्ही वर्षानुवर्षं त्याच्या २०१४ च्या आवृत्तीतलेच आकडे धरून चालतो. एका मीटरमागे २५ ठिपके मिळाले तर तिथे माणूस आहे एवढं कळतं. ६२ मिळाले तर कपडे, पिशवी, काय चाललंय याचा अंदाज येतो. १२५ असतील तर ओळखीचा माणूस ओळखू येतो, ‘अरे, हा तर बी विंगमधला’ असा. आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर मीटरमागे २५० लागतात. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद धरला, तर त्यावर ४० ठिपके. आता भागाकार करा. १९२० भागिले २५० म्हणजे साडेसात मीटरच्या थोडं वर. २ एमपीचा कॅमेरा गेटाजवळ साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी दाखवत असेल, तर अनोळखी चेहऱ्याची आशा सोडायची.

किती रुंदी दिसणार हे एमएमवर ठरतं. एमएम म्हणजे लेन्सचं फोकल अंतर. आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, आकडा मोठा तेवढं दृश्य अरुंद आणि जवळ आणलेलं. नेहमीच्या कॅमेऱ्यांत २.८ एमएमला शंभर-एकशेसात अंश दिसतात, ३.६ ला ऐंशी-पंच्याऐंशी, ६ ला पन्नासेक, १२ ला पंचवीस-सव्वीस. सेन्सरच्या आकाराप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून माहितीपत्रकात आडवा कोन किती दिलाय तो बघावा.

तुमचा कॅमेरा विंगच्या कोपऱ्यावर आणि गेट तिथून १५ मीटरवर आहे असं समजू. पहिल्या कोटेशनमधली ३.६ एमएमची लेन्स तिथे साधारण २६ मीटर रुंदी दाखवेल. मीटरमागे ७४ ठिपके, चेहऱ्यावर जेमतेम बारा. तिसऱ्या कोटेशनमधला ४के घेतला, तर त्याची २.८ एमएमची लेन्स तिथेच ४० मीटर रुंदी घेते. ३८४० भागिले ४० म्हणजे ९६. सगळ्यात महाग कॅमेरा, आणि चेहरा १५ ठिपक्यांचा. आता तोच स्वस्तातला २ एमपी घ्या, पण १२ एमएमच्या लेन्सचा. १५ मीटरवर तो फक्त सात मीटर रुंदी बघेल आणि मीटरमागे पावणेतीनशेच्या आसपास ठिपके देईल. बघा ताई, हा हिशोब करायला इंजिनिअर लागत नाही, तुमच्यासारख्या कॅशियरबाईंनी तो माझ्याआधी केला असता.

यात माझीही एक जुनी जखम आहे. धंद्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सहकारनगरजवळच्या एका इमारतीत मी सहा कॅमेरे बसवले, सगळे रुंद लेन्सचे. स्क्रीनवर सगळं आवार दिसलं आणि कमिटी खूश झाली. वर्षभराने गेटातच एका आजींचं मंगळसूत्र हिसकावलं गेलं. त्या मुलाबरोबर माझ्या दुकानात आल्या. मी तो क्षण थांबवून दाखवला. आजी स्क्रीनच्या अगदी जवळ वाकून म्हणाल्या, “अजून थोडं मोठं कर ना बाळा.” मी मोठं करत गेलो आणि चेहऱ्याचे चौकोन होत गेले. भुवई कुठली, सावली कुठली, काही कळेना. रेकॉर्ड करताना जे ठिपके टिपलेच गेले नाहीत, ते नंतर झूम करून कुठून येणार? डिजिटल झूम फक्त असलेले ठिपके फुगवतं. त्या दिवसापासून गेटाची रुंदी टेपने मोजल्याशिवाय मी कोटेशन देत नाही.

तुम्ही ‘व्हेरिफोकल’ हा शब्द मागून घ्या. २.८ ते १२ एमएम अशी फिरवता येणारी लेन्स. गेटावर ती लावायची, जागेवर फिरवून हवी तेवढीच रुंदी घ्यायची आणि पक्की करायची. किंमत थोडी जास्त पडते, पण आठही कॅमेरे तसे नकोत, दोन पुरेत. आणि ते दोन फार उंच नकोत. चार मीटरवरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला टोपी आणि हेल्मेटच दिसतं. हात पोचणार नाही इतपत, अडीच मीटरच्या आसपास, उंची चेहऱ्यासाठी ठीक.

आता तुमच्या नंबरप्लेटच्या जागी नुसता उजेड का होता, ते सांगतो. संध्याकाळी सातच्या सुमारास एखाद्या कॅमेऱ्याखाली शांत उभ्या राहा. अंधार पडला की आतून बारीकसा ‘टिक्’ असा आवाज येतो. दिवसा सेन्सरपुढे एक गाळणी असते, ती इन्फ्रारेड प्रकाश अडवते म्हणून रंग खरे दिसतात. रात्री ती गाळणी बाजूला सरकते, त्याचा तो आवाज. त्याच वेळी लेन्सभोवतीचे एलईडी लागतात, नीट बघितलं तर विझत आलेल्या निखाऱ्यासारखे मंद लाल दिसतात. हे आयआर. या क्षणापासून चित्र काळंपांढरं होतं आणि कॅमेरा स्वतःच्या टॉर्चच्या उजेडात बघायला लागतो.

आपल्या नंबरप्लेटवर उजेड जिथून आला तिकडेच परत फेकणारा थर असतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे, तिच्यावर तर तो असतोच. अंधाऱ्या अंगणासाठी कॅमेऱ्याने डोळे विस्फारलेले असतात, आणि टॉर्चचा उजेड प्लेटवरून थेट त्याच्या डोळ्यांत येतो. मग आकडे त्या उजेडात विरघळतात. चेहऱ्यांचे पांढुरके डागही बहुधा त्याच कारणाने, माणूस आयआरच्या फार जवळ आला की कपाळ चुन्यासारखं दिसतं. स्मार्ट आयआर असलेला कॅमेरा अशा वेळी आपला टॉर्च कमी करतो.

दुसरं कारण शटर. रात्री पुरेसा उजेड मिळावा म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, समजा सेकंदाचा पंचविसावा भाग. ताशी २० किलोमीटर वेगाने गेटातून निघालेली गाडी तेवढ्यात २२ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे अख्ख्या चेहऱ्यापेक्षा जास्त. तो फराटा येणारच. सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवला तर ती जेमतेम एक सेंटिमीटर सरकते आणि आकडे धारदार येतात. पण मग आजूबाजूचं सगळं काळोखात जातं. म्हणून माझं ठाम मत आहे, प्लेटसाठी एक कॅमेरा वेगळाच ठेवा. १२ एमएमकडे फिरवलेला, शटर जलद, गाडी जिथे वळायला किंवा थांबायला हळू होते तिथे रोखलेला, आणि प्लेटकडे फार तिरका नाही. त्याच्या चित्रात रात्री प्लेटशिवाय काही दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याने तेवढंच काम करायचं.

लक्स हे उजेडाचं माप. पौर्णिमेच्या रात्री उघड्यावर एक लक्सच्याही बऱ्याच खाली उजेड असतो, त्यावरून अंदाज घ्या. कागदावर ‘०.०१ लक्स’ लिहिलं असेल तर शेजारी एफचा आकडा बघा. एफ १.० ची लेन्स एफ २.० पेक्षा चौपट उजेड आत घेते. नुसतं ‘० लक्स, आयआर चालू’ लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. स्वतःचा टॉर्च लावून कोणालाही शून्य उजेडात दिसतं.

या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे गेटावर रात्रभर चांगला एलईडी दिवा. मग कॅमेऱ्याला आयआरवर जावंच लागत नाही आणि रंग टिकतात. रंगांचं महत्त्व चोरी झाल्यावर कळतं. आयआरमध्ये काही काळे कपडे चक्क पांढरट दिसतात. वॉचमन सांगतो काळा शर्ट, फुटेजमध्ये दिसतो पांढरा, आणि बिचाऱ्याचा जबाब खोटा ठरतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि हो, महिन्यातून एकदा कॅमेऱ्यावरची कोळ्याची जाळी झाडून घ्या. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि रात्री ती जाळी फुलझडीसारखी चमकते.

डब्ल्यूडीआर तुम्हाला एका ठिकाणी लागेल. बिल्डिंगखालच्या अंधाऱ्या पार्किंगमधून कॅमेरा बाहेरच्या लख्ख रस्त्याकडे बघत असेल तर आत येणारा माणूस नुसती काळी सावली दिसतो. ट्रू डब्ल्यूडीआर एक चित्र अंधारासाठी आणि एक उजेडासाठी घेऊन दोन्ही एकत्र करतो, कागदावर १२० डीबी असं काहीतरी असतं. ‘डी-डब्ल्यूडीआर’ लिहिलं असेल तर तो नंतर सॉफ्टवेअरने चित्र उजळवतो, त्याने फार फरक पडत नाही. जिन्यातल्या कॅमेऱ्यासाठी यावर पैसे घालवू नका.

आता ३० दिवस. इथे मला पहिल्या कोटेशनवाल्याचा राग आलाय, कारण हा साधा गुणाकार आहे आणि तो त्याने केलेला नाही. आधी एक शब्द सोडवू. ‘बॅकअप’ म्हणजे दुसरी प्रत असं तुम्हाला वाटेल. आमच्या धंद्यात तसं नसतं. रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं, एवढाच इथे त्याचा अर्थ. प्रत एकच असते, डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या, पोटातल्या हार्ड डिस्कवर. डिस्क भरली की सगळ्यात जुना दिवस पुसून त्यावर आजचा लिहिला जातो. डीव्हीआर चोरानेच उचलून नेला तर काहीच उरत नाही. म्हणून तो वॉचमनच्या टेबलाखाली ठेवू नका, ऑफिसात कुलपाच्या रॅकमध्ये ठेवा.

सोसायटीची टाकी किती लिटरची हे तुम्हाला पाठ असेल. हार्ड डिस्क म्हणजे टाकी आणि बिटरेट म्हणजे नळाची धार. धार एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती दहा लाख बिट, अशी मोजतात. २ एमपीच्या कॅमेऱ्याला एच.२६५ पद्धतीने साधारण २ एमबीपीएस धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद, आणि आठ बिटांचा एक बाइट म्हणून आठाने भागायचं. एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे जवळपास १७३ जीबी. २ टीबी म्हणजे २००० जीबीची टाकी साडेअकरा दिवसांत भरली. ३० दिवसांना ५२०० जीबी, म्हणजे ६ टीबीची डिस्क. आणि डीव्हीआर जुन्या एच.२६४ वर चालला तर धार दुप्पट, २ टीबी सहा दिवसही पुरणार नाही. दुसऱ्या कोटेशनमध्ये ५ एमपीचे आठ आहेत, प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तर त्यांची ४ टीबीही साडेअकराच दिवस. गावी गेलेलं कुटुंब दोन आठवड्यांनी परत आलं आणि गाडी जागेवर नाही असं कळलं, तर दोन्ही कोटेशनांत त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आधीच पुसलेलं असेल.

एच.२६४ आणि एच.२६५ या चित्र दाबून लहान करायच्या पद्धती. पहिली २००३ची, दुसरी २०१३ची. दुसरी तेवढ्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. पुढे प्लस किंवा तसं काही जोडलं असेल तर ती त्या कंपनीची स्वतःची करामत समजा, हालचाल नसताना ती धार आणखी बारीक करते. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं. २५ चा आग्रह नको, सोसायटीला १५ भरपूर होतात. आणखी जागा वाचवायची तर जिने आणि मागची बाजू ‘मोशन’वर ठेवा, म्हणजे हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल. गेट मात्र चोवीस तास. डिस्क नेहमीच्या कॉम्प्युटरची नको, सर्व्हेलन्ससाठी बनवलेली मागा, कारण तिला रात्रंदिवस लिहायचं असतं. आणि २ टीबीची डिस्क डीव्हीआरमध्ये १८६३ जीबी दिसली तर घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते आणि यंत्र १०२४ ने, एवढाच तो फरक.

डीव्हीआर की एनव्हीआर, याचं उत्तर तुमच्या भिंतीत आहे. जुन्या कॅमेऱ्यांची ३+१ केबल, म्हणजे चित्राची एक आणि करंट-आवाजाच्या तीन तारा असलेली, पाइपातून नीट गेलेली आणि न कुजलेली असेल तर तिच्यावरच २ किंवा ५ एमपीचे एचडी कॅमेरे चालतात. फोडाफोड वाचते. हा डीव्हीआरचा मार्ग. एनव्हीआर म्हणजे नेटवर्कवरून रेकॉर्ड करणारा डबा, त्याला आयपी कॅमेरे लागतात. त्यांना कॅट-६ ची नेटवर्क केबल जाते आणि पीओई असेल तर त्याच एका तारेतून चित्रही येतं आणि करंटही जातो, १०० मीटरपर्यंत. सुटसुटीत आणि पुढे वाढवायला सोपं, पण नवी वायरिंग. आजकालचे बरेचसे डीव्हीआर चार-दोन आयपी कॅमेरेही घेतात, तेही विचारा. केबल कोणतीही असो, ‘शुद्ध तांब्याची’ असं बिलावर लिहून घ्या. सीसीए म्हणजे वरून तांबं आणि आतून ॲल्युमिनियम. लांब अंतरावर तिच्यात करंट पडतो, आणि रात्री आयआर लागला की नेमका तेव्हाच कॅमेरा बंद-चालू व्हायला लागतो.

एक गंमत बघा, तुमच्या कोटेशनांत ‘आयपी’ दोनदा आलंय आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. आयपी कॅमेरा म्हणजे नेटवर्कवर चालणारा. आयपी ६७ म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण. पहिला ६ धुळीचा, धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा, ६ असेल तर जोरदार फवारा सोसतो, ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. आपल्या पावसाला ६६ पुरतं. पावसाळ्यात मरतो तो कॅमेरा नव्हे, त्याच्या शेपटीचा जोड. बीएनसी, म्हणजे चित्राच्या तारेची पिन, आणि पॉवरची पिन भिंतीवर उघडी लोंबत ठेवली तर दुसऱ्या पावसाळ्यात हिरवा गंज येतो. प्रत्येक कॅमेऱ्यामागे हे जोड झाकणारा जंक्शन बॉक्स हवा, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आयके १० म्हणजे २० ज्यूलचा, हातोडीच्या जोरकस घावाएवढा दणका सोसणारा. लिफ्टमध्ये किंवा हात पोचेल तिथे असेल तर घ्या.

ओएनव्हीआयएफ २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी सुरू केलं. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरशी बोलावा, यासाठीची सामाईक भाषा. आयपी घेतलंत तर प्रोफाइल एस किंवा टी आहे का विचारा, म्हणजे पुढे एक कॅमेरा बिघडला तर त्याच दुकानदाराच्या दारात उभं राहावं लागणार नाही. एआय म्हणजे इथे बहुतेक वेळा माणूस आणि गाडी ओळखून तेवढ्यापुरती सूचना देणं. मांजर गेलं, फांदी हलली म्हणून मोबाइल वाजत नाही, तेवढा उपयोग खरा आहे. चेहरे ओळखण्याची सोय मात्र सोसायटीने घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. कोण किती वाजता आलं याची नोंद शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची ठेवायची नसते. कॅमेऱ्यात कोणाची बाल्कनी किंवा दार येत असेल तर ‘प्रायव्हसी मास्क’ने तेवढा भाग काळा करून घ्या.

पासवर्डबद्दल कळकळीने सांगतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते, कारण लोकांनी कंपनीने दिलेला पासवर्ड बदललाच नव्हता. आपल्याकडेही केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या, त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. दुकानदाराकडे मॉडेलचा एसटीक्यूसी, म्हणजे केंद्र सरकारच्या चाचणी यंत्रणेचा, दाखला मागा. ॲडमिनचा पासवर्ड सोसायटीचा असतो, कॅमेरावाल्याचा नव्हे. काम झालं की तुम्ही स्वतः टाइप करून बदला, पाकिटात घालून खजिनदारांच्या कपाटात ठेवा. माणूस नोकरी सोडून गेला आणि पासवर्डही घेऊन गेला, अशा सोसायट्यांचे फोन मला अजून येतात.

राहिलं तुमचं ४७ मिनिटं मागे पडलेलं घड्याळ. ते किरकोळ समजू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा म्हणा ना. त्या कागदावर सेक्रेटरी म्हणून उद्या तुमचीच सही असू शकते. म्हणून डीव्हीआरला इंटरनेट जोडून ‘एनटीपी’ चालू करायला सांगा, घड्याळ आपोआप जुळत राहील. फुटेज हवं असेल तेव्हा स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करू नका, पेन ड्राइव्हवर मूळ फाइल काढा. आणि लाईट गेल्यावरही डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर चालतील एवढा यूपीएस घ्या.

तिन्ही कोटेशनांत मला विचाराल, तर तुमची जुनी केबल धड असेल तर मी पहिलंच घेईन, चार बदल करून. गेटावरचे दोन कॅमेरे व्हेरिफोकल, एक चेहऱ्यांना आणि एक प्लेटला. डिस्क ६ टीबी. डीव्हीआर एच.२६५ चालवणारा. आणि गेटावर दिवा. ४केचे वाचलेले पैसे दिव्यात, जंक्शन बॉक्सात आणि यूपीएसमध्ये घाला. केबल कुजली असेल तर दुसरं घ्या, डिस्कचा हिशोब त्यालाही लावून. सभेत कोणी ‘पण ४के म्हणजे चांगलंच ना’ म्हणालं, तर १५ मीटरवरचा भागाकार फळ्यावर करून दाखवा.

पैसे द्यायच्या आधी एक अट घाला. डेमो रात्री दहानंतर, तुमच्याच गेटावर. ओळखीच्या एका मुलाला स्कूटरवरून आत-बाहेर करायला सांगा, एक चक्कर हेडलाइट लावून, एक बंद करून. मग रेकॉर्डिंग थांबवून त्याचा चेहरा आणि नंबर तुम्ही स्वतः वाचा. लाइव्ह चित्र बघून हो म्हणू नका, रेकॉर्ड झालेलं बघा, दोन्हींत फरक असतो.

त्याआधी एखाद्या संध्याकाळी वॉचमनला टेपचं दुसरं टोक धरायला सांगून गेटाची रुंदी मोजा. कॅमेरा लागेल त्या भिंतीपासून गेटापर्यंतचं अंतर घ्या, आणि रस्त्यावरचा दिवा गेटाच्या कोणत्या बाजूला आहे ते लिहा. एवढं चिठ्ठीवर पाठवलंत की दोन्ही लेन्स किती एमएमवर थांबवायच्या ते सभेच्या आत कळवतो.